पर्यटकविरोधी आंदोलनं, मतपेटी आणि सिंहस्थाच्या तोंडावरचं नाशिक

कपिलासंगम (धागाकर्ते)

६ जुलै २०२४ ला बार्सिलोनात हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर त्यांनी पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. आपल्याकडे ही बातमी गंमत म्हणून फिरली. त्याआधी एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर मोठे मोर्चे निघाले होते. १५ जून २०२५ ला तर स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या अनेक शहरांत एकाच दिवशी लोक रस्त्यावर आले.

मला यातला पिचकाऱ्यांच्या पलीकडचा भाग महत्त्वाचा वाटतो. घरकर्ज थकल्यामुळे बेघर होणाऱ्यांसाठी लढणारी आदा कोलाउ ही कार्यकर्ती २०१५ ला बार्सिलोनाची महापौर झाली आणि लगेच तिने नव्या हॉटेलांच्या परवान्यांना स्थगिती दिली. २०१७ ला पर्यटक निवासांचा आराखडाच मंजूर झाला. २०२३ ला ती हरली आणि जाउमे कोलबोनी हे समाजवादी पक्षाचे महापौर आले. त्यांनी जून २०२४ ला जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू राहणार नाहीत. खुर्चीवरचं माणूस बदललं, पक्ष बदलला, पण मुद्दा टिकला. आंदोलनाला याहून मोठं यश कोणतं?

आता नाशिक. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. अमृतस्नानं (पूर्वीची शाहीस्नानं) २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि पर्व जुलै २०२८ पर्यंत. शिवाय दर शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या अंगाला वायनरी, मिसळ आणि रिसॉर्टची रांग, त्र्यंबकच्या रस्त्यावर रोजची गर्दी. या शहराला किती माणसं पेलतात, हा प्रश्न आपल्या राजकारणात कधी येणार? हा प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धेला विरोध नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव लिहा.

रहाडवाला

पिचकारीने काय होणार? रंगपंचमीला नाशकात या म्हणावं, रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, बुडवून काढू. वर्षभर रंग जाणार नाही आणि पाहुणा पुढच्या वर्षी चार मित्र घेऊन परत येईल. :)

अनघा_पंचवटी

माझं सासर काळारामाच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे हा धागा माझ्या घरचाच आहे.

पहिल्यांदा एक सांगते. आमच्याकडे येणारे सगळे एका प्रकारचे पाहुणे नाहीत. रामकुंडावर वर्षाचे बाराही महिने लोक अस्थी घेऊन येतात. पहाटे रिक्षातून उतरलेलं, डोळे सुजलेलं कुटुंब आमच्या ओट्यावर टेकतं, पाणी मागतं. त्यांना "गर्दी करू नका" म्हणायची माझी जीभ रेटणार नाही. दशक्रिया, पिंडदान यांसाठी येणारा माणूस हौसेने आलेला नसतो.

पण पर्वणीचा दिवस वेगळा. २०१५ ला पहिल्या शाहीस्नानाला बंदोबस्त असा होता की गल्लीतून गल्लीत जाता येत नव्हतं. सासऱ्यांची औषधं संपली होती आणि औषधाचं दुकान बांबूंच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. शेवटी पलीकडच्या मुलाने पुडकं फेकलं तेव्हा मिळालं. एवढं करून त्या दिवशी अपेक्षेपेक्षा फारच कमी लोक आले आणि माल भरून बसलेले आमचे दुकानदार रडकुंडीला आले. रहिवासीही अडकले, यात्रेकरूंचीही पायपीट झाली.

आणि एवढा बंदोबस्त का, तेही मला ठाऊक आहे. २७ ऑगस्ट २००३. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. आमच्या गल्लीतल्या बायका आजही त्या उताराने जाताना मुलांचा हात घट्ट धरतात. म्हणून "किती माणसं पेलतात" हा प्रश्न आमच्याकडे सोयीचा नाही, जिवाचा आहे.

सिडकोचा_सचिन

अनघाताई, तुमचा त्रास खरा आहे, पण धाग्याचा सूर मला पटत नाही.

माझा भाऊ रिक्षा चालवतो, वहिनी घरून डबे देते. २०१५ च्या कुंभात त्यांनी जुनं कर्ज फेडलं. नाशिकला जे मोठे रस्ते, पूल, घाट मिळाले त्यातले किती सिंहस्थाच्या निधीतून झाले ते मोजा. बारा वर्षांतून एकदा सरकारला नाशिक आठवतं. तेही नको म्हणायचं का? बार्सिलोनाचं पोट भरलेलं आहे, त्यांना पाहुणे नकोसे होणं परवडतं. इथे सातपूर-अंबडला नवे मोठे कारखाने येत नाहीत म्हणून पोरं पुण्याला जातात.

नागघाट

सचिनला +१. अवांतर: बुधवारचा बाजार घाटावरून हलवायचं पुन्हा चाललंय का? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

पिंपळपार

मी मूळची नाशिक रोडची, आता बरीच वर्षं बार्सिलोनात. सचिन, "पोट भरलेलं आहे" हे इथे राहून खरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथला राग पर्यटकाच्या तोंडावर दिसतो, पण त्याचं मूळ घरभाड्यात आहे. फ्लॅट बंद करायची घोषणा करताना महापौरांनीच सांगितलं की दहा वर्षांत शहरातलं भाडं ६८ टक्क्यांनी वाढलं. हॉटेलात वाढणारे, खोल्या झाडणारे, टॅक्सी चालवणारे, म्हणजे पर्यटनावरच जगणारे लोक शहराबाहेर फेकले गेले. मोर्च्यात मी त्यांनाही पाहिलंय. पर्यटनातून पैसा येतो हे कोणीच नाकारत नाही. तो कोणाच्या खिशात जातो आणि भाडं कोणाच्या खिशातून जातं, यावर भांडण आहे.

एक उदाहरण देते. पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेच्या टेकडीवर ११६ क्रमांकाची छोटी बस जाते. नकाशा बघून पर्यटक त्याच बसमध्ये चढायचे आणि टेकडीवरच्या म्हाताऱ्या माणसांना बाजारातून घरी जाताना जागा मिळेना. रहिवाशांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी महापालिकेच्या विनंतीवरून २०२४ ला ती बस गूगलच्या नकाशावरूनच काढण्यात आली. बस चालू आहे, फक्त नकाशात दिसत नाही. आता आजीबाईंना जागा मिळते. अशा बारीक मागण्यांतून इथली चळवळ उभी राहिली. वस्तीवस्तीच्या रहिवासी संघटना इथे फार जुन्या आणि चिवट आहेत.

राजकारणाचं म्हणाल तर चित्र कपिलासंगम यांनी मांडलंय तितकं सरळ नाही. कोलाउ २०१९ ला दुसऱ्या क्रमांकावर होती, इतरांच्या पाठिंब्यावर महापौर राहिली. २०२३ ला तिसरी आली. कोलबोनींनी एकीकडे फ्लॅट बंद करायची घोषणा केली आणि दुसरीकडे २०२४ ला अमेरिका चषकाच्या शिडाच्या नौकांची शर्यत शहरात भरवली. त्यावरही मोर्चे निघाले आणि पुढची शर्यत शहराने घेतली नाही. स्पेनच्याच बेलिअरिक बेटांवर याच काळात उलट घडलं, २०२३ ला तिथे उजवा पक्ष सत्तेवर आला. म्हणजे लोक रागावले की ते एकाच पक्षाला मत देतात असं नाही. सगळ्याच पक्षांना या विषयावर बोलावं लागतं, एवढा बदल मात्र पक्का.

गंगाखेडकर

आम्ही परभणी जिल्ह्यातले, गोदावरीच्या खालच्या अंगाचे. तुम्ही नाशिककर जिला गंगा म्हणता तिलाच आम्हीही गंगा म्हणतो. आजोबांपासून सिंहस्थाला येतो. आमचा मुक्काम तंबूत, जेवण अन्नछत्रात. आम्ही तुमचं घरभाडं वाढवत नाही हो. आमच्यावर पाणी उडवू नका, आम्ही ओले व्हायलाच येतो.

अनघा_पंचवटी

गंगाखेडकर, तुम्ही आमच्या ओट्यावर हक्काने या.

द्राक्षबागायतदार

गिरणारे पट्ट्यातून लिहितो. इथे सगळे सिंहस्थावर बोलतायत, पण आमच्याकडे सिंहस्थ दर शनिवारी असतो.

१९९९ च्या सुमारास सुला वायनरी सुरू झाली तेव्हा वाइनची द्राक्षं लावायला शेतकरी घाबरत होते. आज त्याच पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मी विरोधात नाही. अवकाळीने आणि गारपिटीने बाग गेली त्या साली आमच्या शेजाऱ्याला दोन खोल्यांच्या कृषी पर्यटनाने तारलं. बागेला एकरी काय खर्च येतो ते ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या उत्पन्नाला नाव ठेवणार नाही.

पण जमिनीचं काय झालं ते बघा. बांधाला बांध लागून फार्महाऊस. प्लॉट घेणारा शहरातला, विकणारा गावातला, आणि पैसे संपले की तोच विकणारा रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमन. पोहण्याचे तलाव भरलेले आणि एप्रिलमध्ये गावच्या बायका टँकरची वाट बघत. धरणं आमच्या उशाला, त्यातलं पाणी वाटपाच्या नियमाने जायकवाडीलाही जातं आणि गेलंच पाहिजे, गंगाखेडकरांना ते पटेल. मग उरलेल्या पाण्यात शेतीचा वाटा आधी की रिसॉर्टचा, हे कोण ठरवतं? ग्रामसभेत हा विषय कधी आल्याचं मला आठवत नाही.

मेरीकर

ग्रामसभेत आणायला कोणी अडवलंय का? लेखी मागणी द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.

शुभदा

मला या चर्चेत व्हेनिस आणावंसं वाटतं, कारण बार्सिलोनापेक्षा ते नाशिकच्या जवळचं आहे.

व्हेनिसच्या बेटांवरच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत. आज पन्नास हजारांहून कमी. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत उरलेल्या रहिवाशांचा आकडा लावलेला असतो. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांच्या संख्येच्या पुढे गेल्या. २०२१ ला मोठ्या जहाजांना मधल्या कालव्यातून बंदी झाली आणि २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्याला ५ युरो शुल्क लागलं. गर्दी त्याने हटली नाही.

आता राजकारण. जुनं व्हेनिस आणि खाडीपलीकडचं मेस्त्रे हे औद्योगिक उपनगर यांची महापालिका एकच आहे, आणि बहुसंख्य मतदार मेस्त्रेच्या बाजूला राहतात. गर्दी सोसणारे अल्पसंख्य, मतदान करणारे बहुसंख्य दुसरीकडे. बेटवासीयांनी स्वतंत्र महापालिका मागितली, १ डिसेंबर २०१९ ला त्यावर सार्वमत झालं. जेमतेम २२ टक्के मतदान झालं आणि मागणी बारगळली.

आपल्या महापालिकेचे सहा विभाग: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, सिडको, सातपूर, नाशिक रोड. रामकुंड, तपोवन, जुनं गावठाण यांचा भार किती नगरसेवकांच्या प्रभागांवर पडतो? मोजकेच. १२२ जणांच्या सभागृहात बाकीच्यांना सिंहस्थ म्हणजे आपल्या भागात येणारा रस्त्याचा निधी. सचिनचा प्रतिसाद पुन्हा वाचा. तो चुकीचं बोलत नाही, तो मेस्त्रेतून बोलतोय. म्हणूनच अनघाताईंचं दुखणं निवडणुकीचा मुद्दा होत नाही.

सिडकोचा_सचिन

शुभदाताई, मेस्त्रे मान्य. पण मग तुम्हीच सांगा, सिडकोतल्या माणसाने पंचवटीच्या गर्दीवर मत का द्यावं? आमच्याकडे पावसाळ्यात गटारं तुंबतात, त्यावर पंचवटीने कधी मत दिलंय?

नवा_नाशिककर

नोकरीनिमित्त आलोय, कॉलेज रोडला भाड्याने राहतो. घरमालकांनी आताच सांगितलंय, करार पुढच्या वर्षी वाढवणार नाही, कुंभात फ्लॅट दिवसावर द्यायचाय. सोसायटीत आधीच तीन फ्लॅट तसे चालतात. शनिवारी रात्री लिफ्टमध्ये दर वेळी नवे चेहरे, पार्किंगमध्ये अनोळखी गाड्या. रजिस्टरमध्ये नोंद नाही, ओळखपत्र कोणी बघत नाही. सचिनभाऊ, हे पंचवटीत नाही, कॉलेज रोडला घडतंय. कुंभ तुमच्या सिडकोतही भाड्याच्या रूपाने येणार आहे.

सिडकोचा_सचिन

हे मात्र आमच्या लेनमध्येही सुरू झालंय. रो-हाऊसवाले रंग काढून खाटा टाकतायत.

पिंपळपार

नवा_नाशिककर, इथे अगदी असंच सुरू झालं होतं. परवान्याची सक्ती होती म्हणून किमान १०,१०१ हा आकडा तरी महापालिकेच्या हातात होता. नाशिकमध्ये असे फ्लॅट किती, ही नोंदच नसेल तर उद्या नियम कशाला लावणार? मे २०२५ ला स्पेन सरकारने अशा घरांच्या ६५ हजारांहून जास्त जाहिराती एअरबीएनबीच्या संकेतस्थळावरून काढायला लावल्या, त्याही नोंदणी क्रमांक नाही किंवा चुकीचा आहे अशाच कारणांवर.

वडाची_पारंबी

तपोवनाबद्दल अजून कोणी कसं लिहिलं नाही?

गेल्या हिवाळ्यात साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या वस्तीसाठी, सुमारे अठराशे झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा शहर पहिल्यांदा एकत्र आलेलं मी पाहिलं. सिडकोची, नाशिक रोडची, गंगापूर रोडची माणसं झाडांना मिठी मारून उभी होती. शाळकरी मुलं हातांनी रंगवलेले फलक घेऊन आली होती. अभिनेते सयाजी शिंदे आले, वेगवेगळ्या पक्षांची माणसं आली, प्रकरण हरित लवादात गेलं आणि तोडीला तात्पुरती स्थगिती मिळाली. मोठी झाडं बाहेरून आणून लावायची मोहीम सरकारला जाहीर करावी लागली. त्या आंदोलनात कोणीही साधूंच्या विरोधात बोललं नाही. "साधू येऊ द्या, झाडं राहू द्या" एवढंच म्हणणं होतं.

शुभदाताईंच्या मुद्द्याला माझं हे उत्तर आहे. गर्दी हा पंचवटीचा प्रश्न असतो, पण झाडं आणि नदी सगळ्या नाशिकची असतात.

मेरीकर

पारंबी, आणि मग १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं. भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. तपोवनाचा मतपेटीवर परिणाम काय झाला ते तुम्हीच बघा.

वडाची_पारंबी

निकाल बदलला नाही, बरोबर. पण मार्च २०२२ पासून या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जवळपास चार वर्षं सिंहस्थाचे आराखडे लोकप्रतिनिधींशिवाय झाले. आता कुठे दार ठोठावायला माणूस मिळालाय. एका निवडणुकीवरून आंदोलन मोजू नका. बार्सिलोनात कोलाउ महापौर व्हायच्या आधी घरांचं आंदोलन किती वर्षं चाललं होतं?

पिंपळपार

ती ज्या संघटनेतून आली ती २००९ ची. म्हणजे सहा वर्षं.

निलगिरी_नाना

उटीची दुसरी बाजू. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जायला ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी रोजच्या गाड्यांची मर्यादाही आली, सोमवार ते शुक्रवार रोज ६ हजार आणि शनिवार-रविवारी रोज ८ हजार. त्याविरुद्ध २ एप्रिल २०२५ ला तिथल्या व्यापाऱ्यांनी कडकडीत बंद पाळला. पर्यटन नको म्हणणाऱ्यांचंच राजकारण होतं असं नाही, हवं म्हणणाऱ्यांचंही होतं, आणि ते जास्त संघटित असतात.

जुना_गावठाण

शुल्काचा विषय निघाला म्हणून लिहितो. नाशिकमध्ये प्रवेशावर पैसे लावायची कल्पना कोणाच्या डोक्यात येत असेल तर माझा कडाडून विरोध आहे. हे तेच शहर आहे जिथे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांना आत जाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. इथे दार अरुंद करायचं म्हटलं की ते कोणासाठी अरुंद होणार हे आम्हाला आधीच कळतं. ५ युरो देणारा देईल आणि जाईल. आमचे गंगाखेडकर बाहेर राहतील. बांधायचंच असेल तर धंद्याला बांधा, माणसाला नको.

दुसरी भीती परक्याबद्दलच्या रागाची. २००८ ला उत्तर भारतीयांविरुद्ध वातावरण पेटलं तेव्हा हजारो कामगार नाशिक सोडून गेले आणि सातपूर-अंबडची यंत्रं अडली. मी तेव्हा कारखान्यात होतो. बिहारच्या सोबत्याला स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो, आणि तो जाताना माझीच समजूत काढत होता. इथला राग माणसावर फार लवकर घसरतो. पर्यटकविरोधी असं काही आपण सुरू केलं तर ते कुठे जाईल याचा आधी विचार करा.

अनघा_पंचवटी

दादा, पूर्ण अनुमोदन. धाग्याचं नाव वाचल्यापासून मला हेच खुपत होतं. मला एकही पाहुणा नको झालेला नाही. मला माझ्या गल्लीत औषध मिळायला हवंय.

कपिलासंगम

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. जुना_गावठाण यांनी घातलेली मर्यादा मी मनापासून मान्य करतो. "पर्यटकविरोधी" या झेंड्याखाली नाशिकमध्ये काही उभं राहू नये.

मूळ प्रश्नाकडे येतो: हे आपल्या राजकारणात कसं येईल? शुभदाताईंनी अडचण नेमकी दाखवली, आणि नवा_नाशिककर व पारंबी यांनी वाट. भाडं आणि झाडं या दोन गोष्टी सिडको ते पंचवटी सगळ्यांना लागतात. म्हणून ध्वजारोहणाच्या आत नव्या नगरसेवकांकडून या गोष्टी मागाव्यात असं वाटतं. दिवसावर दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराची महापालिकेकडे नोंद आणि त्यांना व्यावसायिक दराने घरपट्टी. पर्वणीच्या दिवसांत गावठाणातल्या रहिवाशांना पास, आणि औषध व रुग्णवाहिकेसाठी प्रत्येक गल्लीत एक राखीव वाट. ती वाट नकाशावर आधी जाहीर व्हावी. साधुग्रामाचा आराखडा झाडांच्या मोजणीसकट लोकांसमोर ठेवावा. द्राक्षबागायतदार यांचा पाण्याचा मुद्दा महापालिकेच्या हद्दीबाहेरचा आहे, तो ग्रामसभेतूनच पुढे न्यावा लागेल.

सचिन, यातलं काही तुमच्या भावाच्या रिक्षाच्या आड येतं का?

सिडकोचा_सचिन

नाही येत. घरपट्टीचा मुद्दा आमच्या प्रभागातही चालेल, कारण शेजारचा खाटा भाड्याने देतो आणि घरपट्टी माझ्याइतकीच भरतो, हे लोकांना आधीच खटकतंय. फक्त एक जोडा. पर्वणीला बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्यांना आत सोडतात आणि स्थानिक रिक्षांना बांबूबाहेर ठेवतात, तसं होऊ नये. रिक्षांना पण पास द्या.

अनघा_पंचवटी

रिक्षांचा पास हवाच, म्हाताऱ्या माणसांना घाटापर्यंत कोण आणणार मग? मी आमच्या गल्लीतल्या घरांची यादी करायला घेते. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाला डायलिसिसला जावं लागतं, ते सगळं त्यात असेल.

द्राक्षबागायतदार

मेरीकर, लेखी मागणीचा नमुना असेल तर इथे टाका. पुढच्या ग्रामसभेच्या आत सरपंचांकडे देतो.

मेरीकर

टाकतो रात्री. सह्या किमान पंधरा-वीस तरी घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.